सम() म्हणतं एनए, मीन() मात्र बरोबर: आरमधल्या मोठ्या इंटिजर व्हेक्टरचं गणित

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नवी मुंबईतल्या फ्लॅटच्या पाणीमीटरचे दर तासाचे लिटर तुमच्याकडे आहेत, वर्षभराच्या साधारण ३६ कोटी नोंदी, सगळे पूर्णांक. आर या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत सम() (बेरीज) केलं की एनए, म्हणजे ‘आकडा उपलब्ध नाही’, येतो. मीन() (सरासरी) आणि समरी() (सारांश) व्यवस्थित उत्तर देतात. टीअप्लाय() ने विभागवार बेरीज केली तर दिघा, तुर्भे, वाशी ठीक येतात, पण ऐरोली आणि नेरूळपुढे एनए. एनए वगळायला सांगणारं एनए.आरएम = ट्रू लावून पाहिलंत, काही फरक नाही. शिवाय सोसायट्यांच्या मासिक बिलाचं एक वेगळं टेबल आहे, त्याची बेरीज येते, पण एक्सेलपेक्षा कमी येते. आणि तुम्ही विचारताय की सगळा डेटा ॲज.न्युमेरिक() ने दशांश प्रकारात नेऊ, मोठ्या पूर्णांकांसाठीचं बिट६४ पॅकेज घेऊ, की सरळ पायथनकडे जाऊ. (फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग वापरा.)

माझ्या मते तुम्ही दोन वेगळी दुखणी एकत्र विचारली आहेत, आणि ज्याची तुम्हाला जास्त काळजी वाटतेय ते त्यातलं सौम्य आहे. बेरजेला एनए आला, म्हणजे निदान तुम्हाला कळलं तरी. बिलाची बेरीज कमी आली ते जास्त गंभीर आहे. तिथे उत्तर आलंय, ते उत्तरासारखं दिसतंय, आणि ते बहुधा चूक आहे.

आधी सोपं. आरमधला इंटिजर, म्हणजे पूर्णांकाचा प्रकार, ३२ बिटचा असतो. त्यात मावणारा सर्वात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे २१४ कोटींच्या थोडा वर. खालच्या टोकाचा शेवटचा आकडा, उणे २,१४,७४,८३,६४८, आरने स्वतःसाठी राखून ठेवलाय. इंटिजरमधला एनए म्हणजे प्रत्यक्षात मेमरीत तोच आकडा. तुमची एकेक नोंद फार तर काहीशे लिटरची. ती इंटिजरमध्ये आरामात बसते. पण ३६ कोटी नोंदी, सरासरी २२ लिटर धरले, तर बेरीज जाते ७९२ कोटींवर, आणि ती इंटिजरमध्ये मावत नाही. काट्याचा जुना पाणीमीटर जसा ९९,९९९ नंतर शून्यावर येऊन पुन्हा मोजायला लागतो, तसं कित्येक भाषांमध्ये होतं: आकडा गुपचूप फिरून ऋण होतो. आर तसं करत नाही. ते एनए देतं आणि खाली वॉर्निंग लिहितं की इंटिजर ओव्हरफ्लो झालाय, सम(ॲज.न्युमेरिक(.)) वापरा. तुमच्या पोस्टमध्ये ती वॉर्निंग नाही. याचा अर्थ बहुधा स्क्रिप्ट रात्री आपोआप चालते आणि वॉर्निंग लॉगमध्ये जाऊन पडते, जो कोणी उघडत नाही.

ऐरोली आणि नेरूळच का, याचं उत्तरही यातच आलं. टीअप्लाय() प्रत्येक गटाला तेच सम() लावतं. ज्या विभागाची बेरीज २१४ कोटींच्या आत राहिली तो सुटला, जो वर गेला त्याला एनए. डेटात काही खराब नाही, मीटर बंद नाहीत, विभागांच्या नावात स्पेस नाही. आणि एनए.आरएम लावून का उपयोग झाला नाही? कारण ते बेरीज सुरू होण्याआधीचे एनए वगळतं. तुमचा एनए बेरजेच्या शेवटी, उत्तर ठेवायला जागा नाही म्हणून जन्माला आलाय.

मीन() ला हा त्रास होत नाही. ते इंटिजर व्हेक्टर (आकड्यांची रांग) असला तरी आतली बेरीज दशांश प्रकारात, म्हणजे डबलमध्ये (याचंच दुसरं नाव न्युमेरिक), करतं आणि मग भागतं. गुणाकार करणाऱ्या प्रॉड() चं उत्तर नेहमीच डबल असतं. मिन(), मॅक्स(), रेंज() यांचं उत्तर व्हेक्टरमधलाच एखादा आकडा असतो, त्यामुळे ते मावणारच. कॉलसम्स() आणि रोसम्स() सुद्धा उत्तर डबलमध्ये देतात. म्हणजे गंमत बघा: तोच कॉलम कॉलसम्स() मधून काढला तर बेरीज बरोबर, सम() मधून काढला तर एनए. डेटा.टेबल पॅकेजची गटवार बेरीज आणखी तिसरंच करते, गटाची बेरीज इंटिजरमध्ये मावली नाही तर वॉर्निंग देऊन स्वतःच न्युमेरिक करून टाकते. कमसम(), म्हणजे चालती बेरीज, मात्र सम() च्याच जातीचं. ज्या जागी मर्यादा ओलांडली तिथून पुढे शेवटपर्यंत एनए. आलेख काढलात तर रेघ मधेच तुटलेली दिसते आणि माणसं सेन्सरला दोष देतात.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती सांगून टाकतो. तुमच्या ऑफिसात कोणीतरी सम(१:१०००००) करून दाखवेल आणि म्हणेल, बघा, पाचशे कोटींचं उत्तर नीट येतंय, तुमचंच काहीतरी बिघडलंय. ते उत्तर खरंच येतं. पण ३.५.० आवृत्तीपासून १:१००००० हा व्हेक्टर आर पूर्ण साठवतच नाही. फक्त सुरुवात आणि शेवट लक्षात ठेवतं, बेरीज सूत्राने काढतं आणि मोठी झाली तर डबलमध्ये देतं. फाइलमधून वाचलेल्या खऱ्या व्हेक्टरला ही सवलत नाही. त्यामुळे अशा मालिकेवर कोड तपासून ‘चालतंय’ म्हणू नका. आवृत्ती आणि व्हेक्टर कसा तयार झाला यावर सम() चं वागणं बदलू शकतं, म्हणून मी त्याच्या भरवशावर राहत नाही. उत्तर २१४ कोटींच्या आसपास जाऊ शकतं असं वाटलं की मी आधीच डबल करून घेतो.

मग सगळा व्हेक्टर ॲज.न्युमेरिक() करायचा का? मशीनवर अवलंबून आहे. इंटिजरला ४ बाइट लागतात, डबलला ८. तुमचा एक कॉलम आत्ता साधारण १.४ जीबी आहे. त्याची डबल प्रत २.९ जीबी, आणि बेरीज होईपर्यंत दोन्ही मेमरीत, म्हणजे ४.३. तुमच्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर हे एकदा होऊन जाईल, पण त्याच वेळी बाकीचे कॉलम, ब्राउझर आणि टीम्सचा कॉल चालू असेल तर मशीन गुदमरेल. विभागवार करायचं असेल तर टीअप्लाय() ला सम ऐवजी एक छोटं फंक्शन द्या, जे आत सम(ॲज.न्युमेरिक(व्ही)) करेल. डबल प्रत मग एका वेळी एकाच गटापुरती बनते. संपूर्ण बेरजेसाठी आणखी सोपी वाट आहे: मीन(एक्स) गुणिले लेंग्थ(एक्स), आणि वर राउंड(). मीन() इंटिजरची डबल प्रत बनवत नाही, आणि ७९२ कोटींच्या घरात पूर्णांकाला धक्का लागण्याइतकी चूक त्यात येत नाही. फक्त एक्समध्ये खरेखुरे एनए असतील तर लेंग्थ() च्या जागी एनए नसलेल्या नोंदींची संख्या घ्या. आणि मीन() ला एनए.आरएम लावलंत तर ते वगळलेल्या नोंदींची नवी प्रत बनवतं, म्हणजे वाचवलेली मेमरी पुन्हा गेलीच. आधी एनीएनए() ने एकही एनए आहे का ते विचारा, नसेल तर लावूच नका.

आता बिलाचं टेबल. मला खरं बोलायचंय ते याबद्दल.

तुम्ही लिहिलंय की बिल = लिटर * दर / १०००, दर पैशांत, हजार लिटरमागे, आणि शेवटी सम(बिल, एनए.आरएम = ट्रू). उदाहरणापुरता दर ४७५ पैसे धरू. तीनशे फ्लॅटची सोसायटी, फ्लॅटमागे रोजचे ५०० लिटर, महिन्याचे झाले ४५ लाख लिटर. ४५,००,००० गुणिले ४७५ म्हणजे २,१३,७५,००,०००. बसलं, जेमतेम. पुढच्या महिन्यात उन्हाळा, ४६ लाख लिटर. गुणाकार २,१८,५०,००,०००. नाही बसलं. त्या ओळीचं बिल एनए. या दराला ४५,२१,०१८ लिटरपर्यंत बिल येतं, त्यात एक लिटर वाढला की येत नाही. हजाराने भागल्यावर उत्तर अगदी छोटं असतं, पण आर डावीकडून चालतं: आधी गुणाकार, तोही इंटिजर गुणिले इंटिजर, आणि भागाकाराची पाळी येईपर्यंत आकडा हातातून गेलेला असतो.

आणि मग एनए.आरएम = ट्रू. ते काय करतं? एनए झालेल्या ओळी वगळतं. कुठल्या ओळी एनए झाल्या? ज्यांचा गुणाकार मोठा झाला त्या. म्हणजे सर्वात जास्त पाणी वापरणाऱ्या सोसायट्या, नेमक्या त्याच, बेरजेतून गेल्या. यादृच्छिक ओळी गळाल्या असत्या तर सरासरी तरी ठीक राहिली असती. इथे वरचं टोकच कापलं जातं. बेरीज कमी, सरासरी कमी, मॅक्स() कमी. स्टँडर्ड डिव्हिएशन तर छानच दिसतं. उलट या टेबलावरचा समरी() पाहणारा म्हणेल की डेटा स्वच्छ आहे, आउटलायर नाहीत. समरी() एनएंची संख्या शेवटी दाखवतं खरं, पण ती आपण ‘मीटर बंद असतील’ म्हणून सोडून देतो. मीटर बंद असल्यामुळे आलेला एनए आणि गुणाकार मावला नाही म्हणून आलेला एनए, दोन्ही आरच्या लेखी एकच. एकदा झाल्यावर वेगळे ओळखता येत नाहीत.

‘पण मी पाच सोसायट्यांवर तपासलं होतं, बरोबर येत होतं’ असं तुम्ही म्हणताय. आलं असणार. तपासताना दर तुम्ही कोडमध्ये हाताने ४७५ असा लिहिला असेल. मागे एल न जोडलेला आकडा आर डबल समजतं, आणि इंटिजर गुणिले डबल म्हणजे डबल, तिथे काही अडत नाही. खऱ्या स्क्रिप्टमध्ये दर सीएसव्हीच्या कॉलममधून आला. फाइल वाचणाऱ्या एफरीड() ने किंवा रीड.सीएसव्ही() ने पाहिलं की सगळे पूर्णांक आहेत आणि कॉलम इंटिजर केला. सूत्र तेच, आकडे तेच, वागणं वेगळं. तसंच लिटर / १००० * दर असं लिहिलं असतं तर कधीच अडलं नसतं, कारण आरमध्ये / चं उत्तर नेहमी डबल असतं. पण हे उपाय म्हणून सुचवत नाही. क्रमावर अवलंबून असलेला कोड पुढचा माणूस ‘वाचायला सोपा’ करून पुन्हा बिघडवतो. फाइल वाचतानाच दराचा कॉलम न्युमेरिक घ्या, कोणी सूत्र कसंही लिहिलं तरी चालेल. ता.क. म्हणून: स्वतः व्हेरियन्स (आकड्यांचा विखुरलेपणा) काढताना एक्स * एक्स लिहिणारेही इथेच अडकतात. ४६,३४० चा वर्ग मावतो, ४६,३४१ चा नाही. एक्स^२ लिहिलं तर मावतो, कारण ^ चं उत्तर डबल असतं. व्हेरियन्सच्या तयार फंक्शनला, व्हार() ला, अर्थातच काही होत नाही.

म्हणून माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो की एनए.आरएम लिहिण्याआधी एनए कुठून आला ते मला दाखवा. मूळ कॉलममध्ये किती एनए आहेत ते मोजा, काढलेल्या कॉलममध्ये किती आहेत ते मोजा. दोन्ही आकडे जुळले तरच एनए.आरएम. आणि आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ऑप्शन्स(वॉर्न = २) टाका. वॉर्निंग आली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. सुरुवातीला वैताग येतो, क्षुल्लक वॉर्निंगांनीही काम अडतं, पण सकाळी चुकीचं बिल निघण्यापेक्षा बिल न निघालेलं बरं.

बिट६४ बद्दल. तुम्हाला त्याची गरज नाही. ते तेव्हा लागतं जेव्हा एकेक नोंदच २१४ कोटींच्या वर असते. तुमच्या नोंदी लहान आहेत, फक्त बेरीज मोठी आहे, आणि त्याला डबल पुरतं. डबलमध्ये पूर्णांक तंतोतंत राहण्याची मर्यादा दोनाचा ५३ वा घात, सुमारे ९,००७ लाख कोटी. तुमचे ७९२ कोटी त्याच्यापुढे काहीच नाहीत. पण एक लक्षात ठेवा: तुमच्या फाइलमध्ये ग्राहक क्रमांक किंवा मोबाइल नंबर असेल तर एफरीड() तो मोठा पूर्णांक पाहून आपणहून इंटिजर६४ करतं. तो प्रकार डबलच्याच ८ बाइटमध्ये राहतो, वर फक्त वर्गाची पाटी असते. इफएल्स() सारखं फंक्शन ती पाटी काढून टाकतं, आणि मग नंबरांच्या जागी शून्याजवळचे विचित्र सूक्ष्म आकडे दिसायला लागतात. ग्राहक क्रमांकाची बेरीज किंवा सरासरी कोणी काढत नाही, त्यामुळे तो कॉलम वाचतानाच कॅरेक्टर घ्या.

पायथनकडे जाणंही मी या कारणासाठी सुचवणार नाही. पायथनच्या नमपाय पॅकेजमध्ये ३२ बिटच्या दोन ॲरेंचा (आकड्यांच्या रांगांचा) गुणाकार मावला नाही तर आकडा फिरतो, आणि एनए नाही की वॉर्निंग नाही. आरने निदान तोंड तरी उघडलं होतं.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, मीडियन (मधला आकडा) आणि क्वांटाइल (ठरावीक टक्के नोंदी ज्याच्या खाली येतात तो आकडा) फार वेळ घेतात. घेणारच, ३६ कोटी आकडे लावून ठेवायचे म्हणजे वेळ आणि मेमरी दोन्ही. पण तुमच्या डेटाचं एक वैशिष्ट्य तुम्ही वापरतच नाही आहात. एका फ्लॅटचे एका तासाचे लिटर शून्य ते काहीशे एवढ्याच किमती घेतात. मग आकडे रांगेत लावायचे कशाला, प्रत्येक किंमत किती वेळा आली ते मोजा. टेबल() नको, ते आधी सगळ्यांचा फॅक्टर बनवतं आणि या आकाराला रडतं. टॅब्युलेट(एक्स + १एल) वापरा. अधिक एक अशासाठी की टॅब्युलेट() एकपासून मोजतं आणि शून्य गाळतं. १ च्या मागचा एल विसरू नका, नाहीतर पूर्ण व्हेक्टरची डबल प्रत बनेल.

हाती येतात काहीशे आकडे. त्यांचं कमसम() घेऊन निम्म्या नोंदी कुठे ओलांडल्या ते पाहिलं की मीडियन, ९५ टक्के कुठे ओलांडले ते पाहिलं की पंचाण्णवावा पर्सेंटाइल. (क्वांटाइल() च्या नऊ पद्धती आहेत आणि मूळ पद्धत दोन आकड्यांच्या मध्ये मोजते, त्यामुळे क्वचित किंचित फरक दिसेल. पाण्याच्या लिटरसाठी तो सोडून द्या.) बेरीजही यातूनच येते, किंमत गुणिले वारंवारिता. पण इथे पुन्हा तोच खड्डा: टॅब्युलेट() चं उत्तर इंटिजर, किमतीही इंटिजर. २० लिटरच्या दोन कोटी नोंदी म्हणजे ४० कोटी, बसलं. २०० लिटरच्या दोन कोटी असत्या तर ४०० कोटी, नाही बसलं. वारंवारिता ॲज.न्युमेरिक() करून घ्या, काहीशेच आकडे आहेत, मेमरीचा प्रश्नच नाही.

टॅब्युलेट() ची एक खोड सांगायला हवी. ऋण आकडे आणि एनए ते न बोलता सोडतं. मीटर बदलला की जुन्या-नव्या रीडिंगची वजाबाकी ऋण येते, असे तास तुमच्याकडे असणारच. म्हणून सगळ्या वारंवारितांची बेरीज लेंग्थ(एक्स) शी जुळते का ते पाहा. उरलेला फरक म्हणजे तपासायच्या नोंदी. उलट बाजूने, चुकून एखादा कोट्यवधींचा आकडा घुसला असेल तर टॅब्युलेट() तेवढे खाने तयार करायला जाईल, म्हणून आधी रेंज() बघा.

या पद्धतीचा आणखी फायदा असा की एकेका महिन्याची फाइल वाचून तिची वारंवारिता साठवता येते आणि बारा महिन्यांच्या वारंवारिता एकमेकींत मिळवता येतात. बारा मीडियनांचं तसं काही करता येत नाही. टॅब्युलेट() ला एनबिन्स, म्हणजे खान्यांचा आकडा, दरवेळी तोच द्या, म्हणजे बारा व्हेक्टर एकाच लांबीचे निघतील, आणि तो सर्वात मोठ्या किमतीपेक्षा किमान एकाने जास्त ठेवा.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. बिलाच्या टेबलावर कॉलमांचे प्रकार दाखवणारं एसटीआर() चालवा आणि लिटर, दर, बिल या तीन ओळी इथे टाका. सोबत सम(इज.एनए(लिटर)) आणि सम(इज.एनए(बिल)) हे दोन आकडेही. दरापुढे आयएनटी (इंटिजर) असेल आणि दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तर एक्सेलशी न जुळणारी रक्कम त्या जास्तीच्या ओळींत सापडेल. दरापुढे एनयूएम (न्युमेरिक) निघालं तर माझं निदान चुकलं, मग एक्सेलकडे वळू. त्या शीटवर फिल्टर लावलेला आहे का तेही बघून ठेवा, कारण एक्सेलचं साधं सम फिल्टरने लपवलेल्या ओळीसुद्धा धरतं.